वर पाहायची सवय

जबलपूरला आमच्या रांझीच्या गल्लीत अजूनही एखादा ऑटोवाला विचारत येतो, "भोंपू भैया का घर कौन सा है?" मी हातानं शेजारचं दार दाखवते आणि गप्प बसते. सांगायला बसले तर त्याची संध्याकाळ जाईल, आणि मागं बसलेल्या लोकांना फक्त दाराशी उभं राहून फोटो काढायचा असतो.

भोंपू म्हणजे रॅपर. ही काय चीज असते ते मला नागपूरच्या बहिणीला फोनवर समजावून सांगावं लागलं होतं. गातो म्हणावं तर गात नाही, बोलतो म्हणावं तर त्याला ताल असतो. ठेका धरून भांडतो, असं मी शेवटी म्हटलं, आणि तिला ते लगेच कळलं. आमच्या माहेरी सगळे तेच करतात, फक्त ठेका नसतो.

त्याचं खरं नाव प्रफुल. वडील फॅक्टरीत फिटर होते, तो कॉलेजात असतानाच गेले. लहानपणी फॅक्टरीचा भोंगा वाजला की हा अंगणात उभा राहून त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडायचा. भोंगा थांबला तरी हा थांबत नसे. शाळेतल्या पोरांनी चिडवायला भोंपू नाव ठेवलं, आणि यानं पुढं तेच पोस्टरवर छापून घेतलं. ज्या नावानं लोक चिडवतात ते आपणच आधी उचलून घ्यायचं, ही त्याची पहिली हुशारी. दुसरी कुठली असेल तर ती मला दिसली नाही.

रॅप शिकला कुठं, म्हणून पुष्कळ लोकांनी त्याला विचारलं. मुलाखतीत तो काहीबाही परदेशी नावं घ्यायचा. मला विचाराल तर तो शिकला भेडाघाटच्या नावाड्यांकडून. नर्मदेत संगमरवराच्या कड्यांमधून नाव नेताना ते नावाडी यमकं जुळवत जातात, इकडं बघा हत्तीचा पाय, तिकडं बघा गाईचा मुखडा, आणि मधेच एखाद्या प्रवाशाच्या टकलावरही एक ओळ. आम्ही दोन्ही घरं मिळून सहलीला गेलो की प्रफुल आमच्यात बसायचाच नाही. तो नावाड्याच्या पायाशी बसून तोंड उघडं ठेवून ऐकायचा आणि परतताना सगळं पाठ म्हणून दाखवायचा.

त्याची आई शांताबाई. भंडाऱ्याकडची, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, आणि बोलायला लागली की समोरच्यानं हातातलं काम खाली ठेवावं अशी. लग्न होऊन जबलपूरला आली, उभा जन्म इथं गेला, तरी तिची हिंदी भाजीवाल्याच्या पुढं गेली नाही. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. मी रेल्वेच्या ऑफिसातून दमून येऊन चहा टाकायची, आणि पलीकडून मायलेकांचं चालू असायचं.

ते काय असायचं ते सांगितलं पाहिजे. प्रफुलचं रॅप हिंदीत, पण नवं गाणं झालं की तो आधी ते मराठीत करून आईला ऐकवायचा. उंबऱ्यावर बसायचा, आणि ती तांदूळ निवडत, नाही तर वाटाणे सोलत ऐकायची. चांगलं की वाईट हे ती कधी बोलायची नाही. तिचे हात चालूच राहिले तर गाणं बाद. हात थांबले तर तो उठून हिंदी करायला घ्यायचा. मोठमोठ्या स्टुडिओत गेला तरी त्याची ही चाचणी सुटली नाही. एकदा मुंबईहून त्यानं फोनवर गाणं ऐकवलं आणि मग मला वेगळा फोन करून विचारलं, "मावशी, भिंतीपलीकडून ऐकू आलं का? माय भांडे घासून राहिली होती का थांबली होती?"

ज्या गाण्यानं तो मोठा झाला ते त्याच्या आईवर नव्हतंच. त्याचा दिनेश नावाचा मित्र होता, त्याची आई गेली. दिनेशला रडूच येईना, नुसता भिंतीकडं बघत बसायचा. प्रफुलनं त्याच्यासाठी, त्याच्या तोंडी गाणं लिहिलं. आई रोज एक रोटी जास्त करायची, कोणी आलंच तर असावी म्हणून. आता रोट्या बरोबर मोजून होतात, आणि घरात कोणी येत नाही. दिनेश ते ऐकून पोटभर रडला. शांताबाईचे हातही थांबले होते, पण नंतर तिनं तक्रार केली. "मी तं कधी जास्तीची पोळी नाही केली. वाया काहून घालवायची?"

हे गाणं घेऊन तो टीव्हीवरच्या स्पर्धेत गेला. आमच्या घरचा टीव्ही मोठा, म्हणून अर्धी गल्ली माझ्याकडं जमलेली. शांताबाई सगळ्यांत पुढं, मांडीवर वाटाण्यांचं ताट. प्रफुल शाळेच्या जुन्या पांढऱ्या शर्टात उभा राहिला आणि गाणं असं म्हणाला, की आमच्याकडच्या लाइट बिलावरून भांडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. गाणं संपलं. परीक्षक म्हणून बसलेली बाई डोळे पुसत उठली, स्टेजवर आली, त्याच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, बेटा, तुझी माँ वरून बघत असेल, तिला काय सांगशील?

प्रफुल क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं वर पाहिलं.

बस, एवढंच. तोंडानं तो एक शब्दही खोटं बोलला नाही. त्यानं नुसती मान वर केली, आणि सगळा हॉल उभा राहिला.

इकडं माझ्या घरात शांताबाई पडद्याकडं बघत म्हणाली, "वर काय पाहून राहिला हा? पंखा आहे का तिथं?" आम्ही कोणीच हसलो नाही, तेव्हा तिला उमगलं. "अच्छा," ती म्हणाली, "म्हणजे मी गेली." आणि ती परत वाटाणे सोलायला लागली.

तो परत आला तेव्हा स्टेशनवर हार, ढोल, सगळं होतं. ते आटोपल्यावर चोरासारखा मागच्या दारानं आला, आणि तोही आधी माझ्याकडं. म्हणाला, "मावशी, त्या मॅडम खऱ्या रडून राहिल्या होत्या. इतक्या लोकांसमोर त्यांना कसं म्हणू, की नाही जी, माझी माय घरी टीव्ही पाहून राहिली?" हा दोष त्याचा एकट्याचा नाही. आमच्याकडं पोरांना पहिलं हेच शिकवतात, मोठ्यांना तोंडावर खोटं पाडायचं नाही. साहेब चुकीचं बोलला तरी जी म्हणायचं आणि घरी येऊन बरोबर करायचं. प्रफुल तेच करून आला होता, फक्त साहेबाच्या जागी सगळा देश होता.

शांताबाई रागावली नाही. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आपल्यात कुठं असते रे वर कोणी? विहारात भंतेजी काय सांगते? वर काही नाही. उगाच मान दुखवून घेतली." आम्ही बौद्ध माणसं, तिचं म्हणणं चूक नव्हतं. वर पाठवायचीही सोय नव्हती तिला.

ही गोष्ट तिथंच निस्तरली असती. पण दोन दिवसांनी पेपरचा बातमीदार दाराशी आला, आणि दार शांताबाईनंच उघडलं. त्यानं विचारलं, आप? ती म्हणाली, "मैं मौसी." मी माझ्या ओट्यावरून बघत होते. तो गेल्यावर मी म्हटलं, मावशी तर मी आहे, माझी जागा काहून घेतली? ती म्हणाली, तू काही दिवस दुसरं काही हो. मग म्हणाली, पोराचं तोंड खाली नाही झालं पाहिजे. त्या दिवसापासून जगासाठी ती मौसी झाली. गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळ्यांनी ते पोटात ठेवलं. पानवालासुद्धा बाहेरच्यांना पत्ता सांगताना मौसी का घर म्हणायचा. एकदोघांनी मोबाईलवर खरं लिहिलंही म्हणतात, पण लोकांनी त्यांनाच शिव्या घातल्या, एका अनाथ पोरावर जळता म्हणून.

बिन माँ का बेटा हे सोंग काही वर्षं चाललं. मग मुंबईच्या लोकांना वाटलं की रडणारं पोर जुनं झालं, आता मर्द पाहिजे. त्यांनी त्याला काळा चष्मा दिला, गळ्यात साखळी घातली, आणि तो जबलपूरचा डॉन झाला. भेडाघाटच्या कड्यावर उभा राहून दुश्मनांना धमक्या देतो असा व्हिडिओ निघाला. प्रफुलला उंचीची भीती. एक नावाडी मागं दगडाला टेकून बसला होता आणि त्यानं याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. तो तेवढा व्हिडिओत दिसत नाही.

याच डॉनला एकदा ओमती ठाण्याच्या पोलिसांनी हेल्मेट नाही म्हणून धरलं. मी भाजी घेऊन येत होते, मला बघून त्यानं हाक मारली, तोंड पांढरं पडलेलं. ठाण्यात गेलो तर तिथल्या तरुण शिपायांनी त्याला ओळखलं आणि खुर्ची दिली. हा खुर्चीवर बसेना. सर, गलती हो गई सर, एवढंच म्हणत राहिला. दंड भरून निघताना एक शिपाई खरोखर हिरमुसून म्हणाला, "भैया, आप तो बहुत सीधे निकले." प्रफुलनं त्याचीही माफी मागितली.

डॉनच्याच काळात त्याच्या लग्नाचं बघायला लागले. दोन-तीन स्थळं चांगली आली. पण मुलीकडच्यांना सासू आहे की नाही हेच नीट कळेना. टीव्हीवर नाही, घरात आहे, आणि ती स्वतःला मौसी म्हणते. एक बाई तर मला बाजूला घेऊन विचारून गेली, वडिलांचं दुसरं होतं का? लग्न राहिलं ते राहिलंच. याचं हसू आम्हाला तेव्हा यायचं. पुढं येईनासं झालं.

चाळिशी आली, पोट सुटलं, चष्मा नंबरचा लागला. नव्या पोरांनी त्याच्यावर गाणी केली, त्यात त्याला अंकल म्हटलं. तो ती गाणी ओट्यावर बसून ऐकायचा आणि म्हणायचा, पोरगा चांगलं लिहिते, मावशी. काही वर्षं कोणी बोलावलंच नाही. मग एकाएकी वारं फिरलं. लहानपणी त्याचं गाणं ऐकून रडलेली पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, घरापासून लांब गेली, आणि त्यांना ते गाणं परत पाहिजे झालं. आता तो उस्ताद झाला. कॉलेजांत प्रमुख पाहुणा, शाल आणि नारळ. डॉनचं नाव कोणी काढीना. सगळ्यांना फक्त रोटीचं गाणं पाहिजे, आणि शेवटी त्यानं वर पाहायला पाहिजे. त्यानं मान वर केली की हजारो लोक मान वर करायचे. लोक घरून रोट्या आणायचे आणि हात उंच करून धरायचे. शांताबाई म्हणायची, खातात का नंतर तरी?

शो करून आला की तो शाल खांद्यावर तशीच टाकून माझ्या ओट्यावर बसायचा.  मी खोवा जलेबी पुढं केली तर खायचा, नाही केली तर तसाच बसायचा. जगात त्याला प्रफुल म्हणणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो, आणि त्यातल्या एकीला आई म्हणायची त्याला चारचौघांत सोय नव्हती. इतक्या लोकांच्या ओळखीचा असून इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

असाच एक शो इथं जबलपूरलाच होता, मोठ्या मैदानावर. शांताबाई म्हणाली, चल, पाहून येऊ मला कसे रडतात ते. आम्ही दोघी मागं, मैदानावरच्या शेवटच्या दिव्याच्या खांबाशी सतरंजीवर बसलो. गाणं सुरू झालं. तिनं खूप वर्षांनी ते ऐकलं, तेही समोर, आणि तिचे डोळे वाहायला लागले. शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिनं हिला पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, बेचारे की माँ होती तो आज कितनी खुश होती.

शांताबाई पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं, आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हाँ बेटा. बहुत खुश होती."

त्यानंतरच्या थंडीत आम्ही उन्हात मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा ती आपणहून बोलली. "एकदा पुढं बसावं वाटते. खुर्चीवर. अन् त्यानं बोट दाखवून म्हणावं, ही माझी माय. बस. मग मी उठून येईन घरी, मले गाणं नाही ऐकायचं." मी ते प्रफुलला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या शोला नक्की. पुढच्या शोला त्याचा मॅनेजर म्हणाला, भैया, सगळं त्याच गाण्यावर उभं आहे, आत्ता नको. मग दिवाळीनंतर ठरलं. मग होळीनंतर. प्रत्येक वेळी ती पातळाला इस्त्री करून ठेवायची, निळ्या काठाचं पांढरं, जयंतीला नेसायची ते. आणि प्रत्येक वेळी घडी न मोडताच परत पेटीत ठेवायची. मला दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायची, पण आमची भिंत एकच.

मग तिच्या किडन्यांनी दगा दिला. दवाखान्यात प्रफुल दिवसरात्र तिच्या पायाशी बसून असायचा. नर्सा येऊन विचारायच्या, मौसीजी कशा आहेत? एका दुपारी त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, माय, मी उद्याच सांगून टाकतो सगळ्यांना, इथूनच, मोबाईलवर. ती डोळे मिटूनच होती. म्हणाली, "आता राहू दे. आता थोड्या दिवसात खरंच होऊन राहिलं." आणि हसली. मग डोळे उघडून त्याच्याकडं नीट बघून म्हणाली, "पण वर नको पाहू बाबा. वर मी नाही राहणार. मी आपली मागं बसली असते, खांबापाशी."

ती गेली, नर्मदेच्या ग्वारीघाटावर तिला नेलं. विहारातली माणसं आली, भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. गर्दीत प्रफुलचा एक चाहताही होता, बँकेत काम करणारा, बातमी कळून आलेला. बिचारा मनापासून आला होता. त्यानं प्रफुलच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, भैया, ये कौन थीं आपकी?

प्रफुल म्हणाला, "माँ."

त्या माणसाचे डोळे भरून आले. "सही बात है भैया," तो म्हणाला, "मौसी भी माँ ही होती है."

 मला वाटलं प्रफुल आता बोलेल. त्यानं मान हलवली आणि तो नदीच्या पायऱ्या उतरून गेला.

पुढं बरेच दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मग एका संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी तांदूळ निवडत होते. त्यानं नवीन काही ओळी म्हटल्या, मराठीत. त्या बऱ्या होत्या, फार नव्हत्या. मी हात थांबवले. त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "राहू द्या मावशी." मी मुद्दाम थांबवले होते ते त्याला कळलं. त्यानंतर तो गाणं घेऊन आला नाही.

परवाच्या शोचं मात्र त्यानं मला बजावून सांगितलं होतं. तेच मैदान. म्हणाला, आज सांगणार आहे, मावशी, तुम्ही पाह्यजे तिथं. मॅनेजरलाही सांगितलं नाही म्हणाला. पुढची खुर्ची ठेवू का, विचारलं त्यानं. मी नको म्हटलं. ती खुर्ची माझी नव्हती. मी मागं, त्याच खांबाशी जाऊन उभी राहिले.

ऊन उतरलं होतं. तो स्टेजवर आला, साध्या पांढऱ्या शर्टात. लोकांनी रोट्या उंच केल्या. त्यानं हात करून वाजंत्री थांबवली. माईक दोन्ही हातांनी धरला, लहानपणी भोंग्याबरोबर ओरडताना तोंडाशी हात धरायचा तसा. आणि सावकाश, ताल न धरता बोलला. "मेरी माँ चार महीने पहले गई है. इतने साल वो ज़िंदा थी. यहीं, रांझी में. और मैं आप सबको ऊपर दिखाता रहा."

मैदान एकदम शांत झालं.  मला वाटलं आता दगड येतील, निदान शिव्या येतील, आणि आल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढून कुठून तरी एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळं मैदान टाळ्यांनी भरून गेलं, शिट्ट्या, वाह भैया, फिर से. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण डोळे पुसत आपल्या बायकोला म्हणाला, "क्या लाइन लिखी है यार. इतने साल वो ज़िंदा थी."

प्रफुल माईक धरून उभा राहिला. त्यानं हात हलवून आणखी काही सांगायचा प्रयत्न केला, पण लोकांनी गाणं आपणहूनच सुरू केलं होतं, आणि वाजवणाऱ्यांनाही वाटलं हाच इशारा, त्यांनी ठेका धरला. मग त्यानंही म्हटलं. काय करणार? शेवटची ओळ आली. हजारो माना वर झाल्या, रोट्या वर झाल्या, वर नुसतं जबलपूरचं धुरकट आभाळ होतं.

प्रफुलनं वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या डोक्यांवरून तो मागं बघत होता, खांबाकडं. मी हात वर केला, मी आहे इथं म्हणून. पण तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या पायाशी जी जागा होती, शांताबाई सतरंजीवर बसली होती ती, तिकडं तो बघत होता. तिथं कोणीतरी आपल्या चपला काढून ठेवल्या होत्या.